केवडीचा नाच

जिथे आमचा तबेला होता तिथे आता हिरवळ आहे, आणि ती प्लॅस्टिकची आहे. काल सकाळी अनवाणी चालून पाहिलं, तर नुसती टोचते. गोंदियाहून कामठ्याकडे येताना रस्त्यावरून दुरूनच पाटी दिसते, ‘केवडी लॉन’, आणि पाटीवर झूल घातलेली पांढरी घोडी, उजवा पाय वर उचललेली. धाकट्या भावानं ती रंगवून घेतली. नमुना म्हणून पेंटरला त्यानं माझ्याच लग्नातला फोटो दिला होता. हे सांगताना त्याचा चेहरा असा काही खुलला होता, की मी काय बोलणार? छान झालीय म्हटलं आणि चहा घेतला.

भाच्याचं लग्न आहे, म्हणून आले. नाहीतर हल्ली माहेरी येणं मी टाळतेच. भावाचं काही चुकलेलं नाही. बाबूजी गेल्यावर त्यानं शेवटची दोन जनावरं विकली, भिंती पाडल्या, मंडप उभारले, आणि आसपासच्या गावांची लग्नं आता आमच्याच आवारात लागतात. घर चालतं. भाऊ सुखी आहे. मला मात्र या आवारात शिरलं की आधी वास शोधायची सवय आहे, आणि आता इथे डिझेलच्या जनरेटरचा वास येतो.

तेव्हा इथे मोहाच्या बियांचं तेल, म्हणजे आमच्याकडचं टोळीचं तेल, कढत असायचं. त्यात हळद पडली की एक कडवट, उग्र वाफ छपराच्या कवेलूंपर्यंत चढायची. शिजलेल्या जवसाचा चिकट वास. ओल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, लिदीचा, घामानं भिजलेल्या कातड्याचा. शाळेतल्या मुली माझ्या शेजारी बसायला कुरकुर करायच्या. मी वेणीला कितीही फुलं माळली तरी घोडीचाच वास मारायचा. मला त्याची लाज वाटली नाही कधी. राग यायचा, पण तो त्यांचा.

बाबूजींचा धंदा लग्नाच्या घोड्यांचा. वरातीत नवरदेव बसवायचा, बँडपुढे घोडी नाचवायची. लोकांनी पाहिली ती झूल, मोत्यांची जाळी, कपाळावरचा तुरा. आम्ही पाहायचो ते झूल उतरल्यावरचं. जरीच्या पट्ट्याखाली सोललेली पाठ, लगामानं फाटलेले ओठ, तापलेल्या डांबरावर चिरलेले खूर. लग्नसराई संपून पाऊस लागला की आमच्या तबेल्याचा दवाखाना व्हायचा. आमची जनावरं तर असायचीच, पण गोंदियाचे टांगेवालेसुद्धा आपले लंगडे घोडे आणून बांधायचे. एक म्हातारा टांगेवाला तर घोडा सोडून निघताना दरवर्षी मायच्या पुढे हात जोडून म्हणायचा, “भाभीजी, इसको आप के हवाले किया. अब ये जाने और आप जानो.” टांगे बंद पडले तशी ती माणसंही यायची थांबली.

दवाखाना चालवायची ती माझी माय. बाबूजी घोडे आणायचे, शिकवायचे, मिरवायचे. मोडले की मायच्या हवाली करायचे. मोडलेलं जनावर आलं, की माय पहिलं काम काय करायची, तर त्याच्या दुखऱ्या पायात काळा दोरा बांधायची. देवाधर्माचं त्यात फारसं काही नव्हतं. तो दोरा म्हणजे आमच्या घराचा कायदा होता. दोरा आहे तोवर पाठीवर खोगीर नाही, पायात घुंगरू नाहीत, मग दारात कुणाचीही वरात येवो. आणि दोरा सोडायचा तो मायनंच. बाबूजी तापट माणूस, ताट भिरकावणारे, पण त्या दोऱ्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता. गावात लोक त्यांना चिडवायचे, “मालकीण सोडन तवाच तुमची घोडी सुटन का जी?” ते हसण्यावारी न्यायचे.

सूज आलेल्या पायाचे घोडे माय बोडीत उभे करायची. बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांना, खाचरांना, पाणी देणारं आमचं लहानसं तळं, तबेल्याच्या मागंच होतं. गुडघ्याएवढ्या गार चिखलात घोडा उभा, दोर माझ्या हातात, आणि मी काठाच्या धुऱ्यावर पोतं पांघरून बसलेली. समोरच्या बांधीत बाया वाकून धानाची रोवणी करत असायच्या. त्यातली एखादी कंबर सरळ करता करता ओरडायची, “काऊन वो पोट्टे, तुमचे घोडे बी रोवना शिकून राह्यले का?” सगळ्या बांधीभर हसू पसरायचं. घोडा कान टवकारायचा. चिखलाला, धानाच्या कोवळ्या पऱ्ह्यांना, पावसाला एकच वास असायचा तेव्हा, आणि तो घोड्याच्या श्वासात मिसळून माझ्या तोंडापाशी यायचा. मी इतकी सुखी होते, की मला ते ठाऊकही नव्हतं.

सूज ओसरली की माय त्या जनावराला कडक जमिनीवरून चालवायची आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं करायची.

“डोरे मीट. आता सांग, कोन्ता पाय चोरून राह्यला?”

चारही खुरांचा आवाज सारखा पडला पाहिजे. जो पाय दुखतो तो जमिनीवर हलका पडतो, आणि त्याच्या जोडीचा जड. सुरुवातीला मी अंदाजानं ठोकून द्यायचे, मग माय माझ्या डोक्यात टपली मारायची. पुढे कान तयार झाला. ताट वाढता वाढता, अंगणात कपडे वाळत घालता घालता मला कळायचं, की बाहेरून कोण चालत गेलं आणि त्याला कुठे दुखतंय. माणसांच्याही बाबतीत कळलं असतं तर बरं झालं असतं.

केवडी आली ती बाजारातून, शिंगरूच म्हणावं इतकी लहान. केवड्याच्या आतल्या पानासारखा रंग, पांढऱ्यात किंचित पिवळट. स्वभावानं आगाऊ. चैत्रात माय मोहफुलं वाळत घालायची, तर ही गाठ सोडवून यायची आणि अर्धा पसारा फस्त करून वर मायच्याच खांद्यावर मान टाकायची. तोंडाला तो गोड, आंबूस वास. माय तिला शिव्या द्यायची, त्या काय गोड शिव्या! मला तिनं आयुष्यात तशा लाडानं एक शिवी दिली नाही. हे मी हसत सांगत असे. आता तितकं हसू येत नाही.

बाबूजींनी तिला नाच शिकवला. कसा शिकवतात ते मी लिहिणार नाही. ढोल वाजला की ती पुढचे दोन्ही पाय आळीपाळीनं उचलायची, उजवा, डावा, उजवा, डावा. तिच्या उजव्या पायात जुनी पितळी घुंगरं होती, जड आवाजाची. डाव्यातली कधीतरी तुटून हरवली, म्हणून तिथे नवीन आणली, ती टिणटिण वाजायची. तिचा नाच मला डोळे मिटून दिसायचा. गोंदियात, तिरोड्यात, पार बालाघाटपर्यंत लोक केवडीचं नाव घेऊन मागणी करायचे.

मग एका वरातीत कुणीतरी तिच्या पायाखाली फटाक्यांची माळ सोडली. ती उधळली, सिमेंटच्या रस्त्यावर घसरली, आणि पुढच्या उजव्या पायाची मागची नस दुखावली. तीन पायांवर घरी आली. मायनं भर अंगणात बसून तो पाय मांडीवर घेतला, चाचपला, आणि दोरा बांधला.

तो सबंध पावसाळा मी आणि माय तिच्याच पायाशी होतो. बोडीत उभी करायची, पुसायची, तेल चोळायचं, पट्टी गुंडाळायची. दिवाळी झाली, धान कापून घरात आलं, शेकोट्या पेटल्या. केवडी हळूहळू चालू लागली. पाहणाऱ्याला वाटावं, झाली बरी. मला भिंतीकडे तोंड करून ऐकू यायचं, की अजून उजवा पाय हलका पडतो आहे.

“नस उसवली हाय वो,” माय म्हणायची. “वरून टाका दिसते, अंदरून उसवली. पुढचा पानी पडेपर्यंत हिले हात लावाचा नाई कोनी.”

त्याच हिवाळ्यात माझं लग्न ठरलं.

मुलगा तिरोड्याकडचा, नोकरीवाला, घरचं धान. पाहुणे पाहून गेले तेव्हा मुलाचे काका निघता निघता ओसरीवर थांबून हसत म्हणाले, “घोडेवाल्याच्या घरी सोयरीक करून राह्यलो, मंग पोरगा नाचत्या घोडीवरच येन बरं!” सगळे हसले. बाबूजींनी मात्र ती गोष्ट मनाला लावून घेतली. बाकी घोड्या होत्या, पण एक तांबडी, एक म्हातारी, नाचणारी एकही नाही. मायनं सांगितलं, गोंदियाहून कुणाची तरी आणा. बाबूजी ताडकन म्हणाले, “माह्या पोरीच्या लग्नात दुसऱ्याची घोडी? लोक तोंडात शेन घालतीन माह्या.” दोन दिवस घर धुमसत राहिलं. मग एके संध्याकाळी ते आपणहून नरमले. गोंदियाची घोडी ठरवली, म्हणाले. मायला किती हलकं वाटलं! तिनं त्या दिवशी मी न मागता मला जवळ बसवून डोक्याला तेल लावलं.

हळदीच्या दिवशी मला तबेल्यात जायला बंदी झाली. हळद लागलेल्या नवरीनं जनावरांत जायचं नाही. माय मांडवात, वऱ्हाडात, स्वयंपाकात अडकलेली. त्या दिवशी कधीतरी बाबूजींनी केवडीच्या पायातला दोरा कापला.

वरात आली तेव्हा दिवे लागले होते. मी आतल्या खोलीत, शालूत, कपाळावर बाशिंग, आणि सोबत माझी काकू. बँड लांबून ऐकू येत होता, कुठल्याशा हिंदी गाण्याची चाल वाजवत. तो जवळ आला तशी त्या गोंगाटाच्या पोटातून मला घुंगरं ऐकू आली. पितळी, जड. मी काकूला म्हटलं, “काकू, हे तर केवडीचे घुंगरू होत.”

“अवो, झालीच असन बरी. बस तू.”

मी डोळे मिटले. पितळी घुंगरं वाजली, पुन्हा पितळी, पुन्हा पितळी. टिणटिण नाहीच. ती डावा पाय उचलतच नव्हती. उजवा पाय टेकवत नाही म्हणून उचलत होती. टेकवायची, झोंबायचं, उचलायची. बाहेर लोक शिट्ट्या मारत होते. “वा रे घोडी!” कुणीतरी बँडवाल्याला ओरडून सांगितलं, “और जोर से बजाव!”

मी उठले. काकूनं दंड धरला. मी सांगितलं, ती नाचत नाही, तिला उभं राहता येत नाही, तिला थांबवा, नवरदेवाला खाली उतरवा. काकू घाबरली, पण गेली बिचारी निरोप घेऊन. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

“तुहे बाबूजी म्हन्तेत, नवरीनं तोंड बंद ठेवाव. वरात दारात आली का मंधात नवरदेव उतरवत नाई. अपशकून होते.”

आता मी नवरी होते, म्हणून गप्प बसायचं. पंधरा-वीस पावलांवर, एका भिंतीच्या पलीकडे, जिचा पाय मी पावसाळाभर मांडीवर घेतला होता ती उभ्या उभ्या मोडत होती, आणि तिच्या पाठीवर माझं सौभाग्य बसलं होतं. मी रडले. बायका म्हणाल्या, माहेर सुटतंय.

दारात माय होती, ओवाळायला. आमच्याकडे नवरदेव उतरण्याआधी घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारतात; तिनं ती खाल्ली की शुभ. मायला केवडी दिसली ती तिथे, ताट हातात असताना. पुढचं मला काकूनंच सांगितलं. मायनं ओंजळीत डाळ घेऊन केवडीच्या तोंडाशी नेली. केवडीनं तोंड फिरवलं. माय पदराआड पुन्हा हात पुढे करत राहिली, आणि मोठ्यानं म्हणाली, “खाल्ली, खाल्ली!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. डाळ तिच्या पदरात होती.

माझ्यासाठीच केलं तिनं ते. माझ्या संसाराला गालबोट लागू नये म्हणून. मला हे समजतं. समजतं म्हणून सोसवतं असं नाही.

सकाळी पाठवणी झाली. सगळं गाव गाडीभोवती होतं. मी प्रत्येकाच्या गळ्यात पडले, बाबूजींच्याही. माय नव्हती. बाबूजी पाहुण्यांना सांगत होते, पोरीचं जाणं तिच्यानं बघवत नाही, घरात पडून आहे. गाडी वळली तेव्हा मला तबेल्याचं दार अर्धवट उघडं दिसलं, आणि आत तणसावर बसलेली माय, पाठमोरी. तिच्या लुगड्यावर केवडीचं डोकं होतं. तिनं वळून पाहिलं नाही. गाडीचा आवाज तिला ऐकू आला नसेल, असं तिच्या बाबतीत तरी मी कसं म्हणू?

मांडवपरतणीला आले तेव्हा केवडीचं ठाण धुऊन स्वच्छ केलं होतं. “गेली,” एवढंच माय म्हणाली. ती पुन्हा उठलीच नाही, तिला बोडीच्या काठाला पुरलं, हे भावाकडून कळलं. त्या बोडीत पुढे मुरूम भरला. आता तिथे वऱ्हाडाच्या गाड्या लागतात.

नवरा माझा वाईट माणूस नाही. एकदा मी त्याला विचारलं, तुम्ही पाठीवर होतात, तुम्हाला काही जाणवलं नाही? तो म्हणाला, “जाणवलं ना. मस्त डोलत होती.” त्यानंतर मी विचारलं नाही.

आणि मग वर्षानुवर्षं ते ऐकत आले. कुठल्याही लग्नात, तेराव्यात, बाजारात कुणी भेटलं की पहिलं तेच. तुझ्या लग्नात घोडी काय नाचली होती! तशी घोडी पुन्हा झाली नाही. बाबूजी मिशीवरून हात फिरवायचे. मी मायकडे पाहायचे. ती उठून आत जायची. तिचं ते उठून जाणं माझ्या फार उपयोगी पडलं. खरं काय ते निदान आम्हा दोघींना तरी ठाऊक आहे, एवढ्या आधारावर मी ते कौतुक गिळत राहिले. पाठवणीचा रागही मी तसाच गिळला. ती माझ्याकडे आली नाही हे लागलं मला, फार लागलं. पण ती जिथे होती तिथे मीही असते.

काल संध्याकाळी भाच्याच्या होणाऱ्या सासरची माणसं आली होती. प्लॅस्टिकच्या हिरवळीवर खुर्च्या मांडलेल्या, मधल्या खुर्चीत माय. आता थकली आहे, पण कान शाबूत, बोलणं खणखणीत, आणि कोणत्या नातवाला कुठली भाजी आवडत नाही तेही बरोबर ठाऊक. एका बाईनं पाटीकडे बोट करून विचारलं, हे केवडी काय?

मी मायकडे पाहिलं. ती उठेल असं वाटलं.

“घोडी होती आमची,” माय म्हणाली. “ह्या माह्या पोरीच्या लग्नात अशी नाचली, अशी नाचली का, बँडवाले थकले पन ते थकली नाई.” तिनं दोन्ही हात उचलून दाखवलंही, उजवा, डावा, उजवा, डावा. सगळे हसले. “आनि दाळ! ओंजरभर दाळ खाल्ली माह्या हातची.”

पाहुणे गेल्यावर मी तिच्या पायाशी बसले. राग होता, तो लपवला नाही.

“माय, असं काऊन सांगतं? तुले तर मालूम हाय.”

“का मालूम हाय?”

“केवडीचा पाय. दुसऱ्या दिवशी तू तबेल्यात होती. तिचं डोस्कं मांडीवर घेऊन.”

मायनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या डोळ्यांत शोधलं, खूप शोधलं. काही लपवणारे डोळे मला ओळखता येतात. तिथे काहीच लपवलेलं नव्हतं. तिला माझं नवल वाटत होतं, आणि थोडी कीव.

“मी कायले तबेल्यात राहीन वो त्या दिवशी?” ती म्हणाली. “पोरगी सासरी जाऊन राह्यली आनि माय तबेल्यात? मी तुले गाडीत बसवून देल्ली. तू माह्या गऱ्यात पडून कितीक रडली. सोडतच नोहती मले. तुले काहीच आठवत नाई का?”

आणि तिनं माझं डोकं ओढून मांडीवर घेतलं. तिची बोटं केसांतून फिरत राहिली, सावकाश, कपाळापासून मानेपर्यंत, जनावराला चोळावं तशी. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. मी हललेसुद्धा नाही.

“आठवते,” मी म्हटलं.